दिसायला एक, साठवणीत दोन : कोडमध्ये मराठी मजकूर कसा सांभाळावा

शोधखिडकीत ‘ॲप’ टाकले की नोंदी सापडतात, ‘अॅप’ टाकले की एकही सापडत नाही. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. संगणक प्रत्येक चिन्ह एका क्रमांकाने साठवतो, त्याला संकेतांक म्हणतात, आणि युनिकोड ही त्या क्रमांकांची जागतिक यादी आहे. पहिल्यात ‘ॲ’ हा एकच संकेतांक आहे (यू+०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आला) आणि दुसऱ्यात ‘अ’ व वरचा चंद्र असे दोन आहेत. कोणता कळफलक कोणते रूप टाइप करतो यावर आपला काही ताबा नसतो, त्यामुळे मजकूर आपल्याकडे आला की दारातच त्याला एका रूपात आणावे लागते.

पहिला विचार एनएफसी नॉर्मलायझेशनचा, म्हणजे समतुल्य रूपांना एका ठरलेल्या रूपात आणणाऱ्या युनिकोडच्या रीतीचा येतो, आणि तो बरोबरच आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही. ‘र’ आणि खालचा नुक्ता वेगवेगळे आले असतील तर एनएफसी त्यांचा ‘ऱ’ करते. ‘अ’ आणि चंद्र मात्र ती जोडत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते ‘ॲ’शी समतुल्य नाहीत. ‘ज़’सारखी नुक्त्याची अक्षरे एनएफसी उलट फोडते, म्हणजे एकाचे दोन संकेतांक होतात. म्हणून लांबीची तपासणी नेहमी नॉर्मलायझेशननंतर करा.

खरा घोळ होतो तो अर्ध्या ‘र’चा. ‘दऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एका प्रकारात ‘ऱ’, हलन्त, ‘य’ असतात, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग ‘य’. अनेक प्रकल्पांत ‘अदृश्य चिन्हे काढून टाका’ अशी सफाईची ओळ असते. ती दुसऱ्या प्रकारावर चालली की जोडचिन्ह जाते आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र! ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांचीही तीच गत. त्यामुळे क्रम चुकवू नका:

१. एनएफसी लावा.
२. ‘अ’ + चंद्र या जोडीच्या जागी ‘ॲ’ घाला.
३. ‘र’ + हलन्त + झेडडब्ल्यूजे यांच्या जागी ‘ऱ’ + हलन्त घाला.
४. उरलेली झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरे जुळू न देणारे अदृश्य चिन्ह) त्यानंतरच काढा.

चौथी पायरी फक्त शोधासाठीच्या वेगळ्या स्तंभाला लावा. माणसाने लिहिलेला मूळ मजकूर तसाच ठेवा. त्यातले पाय मोडलेले अक्षर कुणी मुद्दाम लिहिलेले असू शकते.

लांबी मोजायची तर आधी ठरवा, कशाची. ‘महाराष्ट्र’ वाचणाऱ्याला चार अक्षरांचा दिसतो, त्याचे संकेतांक १० आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संकेतांक बाइटांत साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, बाइट ३०, कारण देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. पायथन आणि जावास्क्रिप्ट १० सांगतात, गो भाषेतले लेन ३० सांगते. पहिल्या सात संकेतांकांवर मजकूर कापला तर ‘महाराष्’ असा लंगडा शब्द उरतो. बाइटवर कापला तर शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन येऊ शकतो. मथळे छाटायचे असतील तर दिसणाऱ्या अक्षरांनुसार तुकडे करणारी साधने घ्या: जावास्क्रिप्टमध्ये इंटल-सेगमेंटर वापरा, पायथनमध्ये ‘रेगेक्स’ नावाचे वेगळे पॅकेज घेऊन त्यातला बॅकस्लॅश-एक्स वापरा. इथे आवृत्ती पाहायला विसरू नका. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारी लायब्ररी ‘क्ष’चे दोन तुकडे करते.

डेटाबेसमध्येही हाच प्रश्न येतो. ओरॅकलमध्ये मजकुराच्या रकान्याला वारचार२(५०) लिहिले आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ते ५० बाइट असतात. ‘ज्ञानेश्वर विठ्ठलपंत’ ही दिसायला नऊ अक्षरे ५८ बाइट घेतात आणि नोंद नाकारली जाते. आकड्यापुढे ‘चार’ (कॅरेक्टरचे लघुरूप, सीएचएआर) लिहिले की मोजणी संकेतांकांत होते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस आधीपासूनच संकेतांक मोजतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटपर्यंतच जातो. त्यात मराठी नीट बसते, म्हणून चाचणीत काही कळत नाही. कुणी नावापुढे इमोजी टाकला की तो अडतो. सुरुवातीलाच यूटीएफ८एमबी४ निवडा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनवारचार घेऊनही प्रश्नचिन्हेच दिसत असतील, तर अवतरणाआधीचा ‘एन’ राहिला आहे का ते पाहा.

एसएमएसमध्ये चूक थेट बिलात दिसते. इंग्रजी संदेशाला १६० अक्षरे मिळतात. पण त्यात एकही देवनागरी चिन्ह आले की पूर्ण संदेशाची मर्यादा ७० वर येते आणि त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ चे तुकडे पडतात. काना, मात्रा, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ओटीपीचा मराठी मसुदा ठरवताना संकेतांक मोजूनच ठरवा.

रेगेक्सकडे, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याच्या पद्धतीकडे, विशेष लक्ष द्या. पायथनच्या मूळ रेगेक्समध्ये शब्दातली चिन्हे ओळखणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’तून त्याला ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात. पायथनच्या जँगो या वेब-चौकटीतले, मथळ्यापासून दुवा बनवणारे स्लगिफाय युनिकोडची परवानगी देऊनही याच कारणाने ‘मरठ’ असा दुवा बनवते. अक्षरे आणि मात्राचिन्हे हे दोन्ही युनिकोड वर्ग स्पष्टपणे मागा, अर्धा र येणार असेल तर झेडडब्ल्यूजेही जोडा. अंकांचे उलटे आहे. अंक ओळखणारा बॅकस्लॅश-डी पायथनमध्ये ‘१२३’ ओळखतो आणि इंट त्याचा आकडाही करतो, पण जावास्क्रिप्टचे नंबर ‘एनएएन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) देते. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात लोक मराठी अंक टाकतात. ते सर्व्हरवर पोचण्याआधीच बदलून घ्या.

संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये जातो, आणि ‘ॲ’ने सुरू होणारी नावे ‘ह’च्याही खाली पडतात. मराठी लोकेलचा कोलेटर, म्हणजे मराठीच्या क्रमाने यादी लावणारे साधन, वापरा. पोस्टग्रेसमध्ये तो एमआर-एक्स-आयसीयू या नावाने मिळतो. नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीची) आवृत्ती १३ च्या आधीची असेल तर तिच्यात सहसा फक्त इंग्रजीची माहिती भरलेली असते आणि मराठी मागूनही काही फरक पडत नाही.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर अगम्य चिन्हे दिसली तर फाइल बहुधा ठीक असते, फक्त हा मजकूर यूटीएफ-८ आहे हे सांगणारी सुरुवातीची बीओएम खूण नसते. पायथनमधून लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. विंडोजवर तर एन्कोडिंग न लिहिता फाइल उघडूच नका, तिथे ती जुन्या कोडपेजने उघडली जाऊ शकते.

राहिली पीडीएफ. ‘किल्ला’मधली वेलांटी ‘क’च्या मागे गेली, जोडाक्षरे सुटी झाली, तर फॉन्ट बदलून उपयोग नाही. अक्षरांची मांडणी करणारा इंजिनच तिथे नसतो. वेबपानाची पीडीएफ करणारे वीझीप्रिंट किंवा पडद्याविना चालणारा क्रोम घ्या. पायथनच्या पिलो या चित्र-लायब्ररीमधून चित्रावर मजकूर लिहायचा असेल तर मांडणी करणारे लिबराक्म बसवलेले हवे. चाचणीच्या नमुन्यात ‘किल्ला’, ‘कीर्ती’, ‘वऱ्हाड’, ‘क्षत्रिय’, ‘ॲड.’ हे पाच शब्द ठेवा आणि बनलेल्या फाइलचे चित्र डोळ्यांनी पाहा. मजकूर परत काढून जुळवणारी चाचणी इथे फसते, कारण आत संकेतांक बरोबर असूनही कागदावर वेलांटी चुकीच्या जागी असू शकते.