भोकं नसलेल्या सायकलला कॅरियर बसवताय? या चुका टाळा

सोलापूरहून अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर. मामांकडे सहा चादरींचा गठ्ठा पोचवायचा म्हणून मी कॅरियरच्या बोल्टसाठी फ्रेमला भोकं नसलेल्या माझ्या गिअरच्या सायकलला कॅरियर बसवून घेतलं आणि पहाटेच निघालो. कुंभारी गेली, आणि वळसंगच्या अलीकडे मागून खरखर सुरू झाली. उतरून बघतो तर कॅरियर बोटभर खाली सरकून टायरला टेकलेलं. फ्रेमच्या नळीला वेढून आवळलेले चारही क्लॅम्प जागेवरून घसरले होते आणि घसरताना फ्रेमचा रंग सोलून घेऊन गेले होते. बसवताना मी विचारलं होतं, धरेल ना? उत्तर मिळालं होतं, "काय होत नाही ओ, बिनधास्त जावा."

चूक क्लॅम्प वापरल्याची नव्हती. कॅरियरचे खालचे पायसुद्धा क्लॅम्पवरच लटकवले होते, ती होती. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन तिरक्या नळ्यांवर क्लॅम्प आवळला की तो निव्वळ घर्षणावर टिकतो. खड्ड्यात आपटल्यावर दहा किलोचं ओझं काही दहा किलोचं राहत नाही. दूधवाल्यांची जुनी काळी सायकल आठवा. तिच्या कॅरियरचे पाय थेट ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या आसाच्या, नटाखाली असतात, म्हणून दोन्ही बाजूंना कॅन लटकवूनही ते हलत नाही. नव्या सायकलला भोकं नसली तरी हिशोब तोच: वजन ॲक्सलवर उतरलं पाहिजे. वरच्या क्लॅम्पनी फक्त कॅरियरला मागे-पुढे आणि आडवं डुलू द्यायचं नाही.

मागच्या चाकाला नट असतील तर काम सोपं आहे. पायाचं भोक ॲक्सलवर घाला, वर वायसर, मग नट. मात्र पट्टीच्या जाडीमुळे ॲक्सलचे आटे कमी पडतात का ते बघा. नट पूर्ण आवळल्यावर ॲक्सलचं टोक निदान नटाच्या तोंडाशी आलं पाहिजे. आत राहत असेल तर लांब ॲक्सल टाकून घ्या, नाहीतर चाकच सैल राहील.

क्विक रिलीज, म्हणजे नटाऐवजी लिव्हरने आवळायची दांडी, असेल तर मूळ दांडीतच पट्टी कोंबू नका. दांडी आखूड पडते, लिव्हर नीट आवळत नाही. कॅरियरचे पाय बोल्टने जोडायची सोय असलेली वेगळी, लांब दांडी मिळते, तीच घ्या. थ्रू-ॲक्सल, म्हणजे फ्रेममध्येच फिरवून बसवायचा जाड ॲक्सल, असेल तर मात्र अंदाजाने मागवू नका. लांबी, जाडी आणि आट्यांचं अंतर तिन्ही जुळावं लागतं.

आता वरची बाजू. इथे मी आता क्लॅम्पच्या आधी सीटची कडी बदलतो. सीटपोस्ट (सीटची दांडी) आवळणाऱ्या कडीच्या जागी कॅरियरसाठी दोन भोकं असलेली कडी मिळते. नेहमीची मापं २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर. जुन्या कडीवर आकडा कोरलेला असतो, नसेल तर व्हर्नियरने फ्रेमची नळी बाहेरून मोजा. रिमब्रेकच्या, म्हणजे चाकाच्या रिमला धरणाऱ्या ब्रेकच्या, बऱ्याच सायकलींना मागच्या ब्रेकच्या बोल्टाला एक पट्टी जोडूनही भागतं. हे दोन्ही जमत नसेल तरच रबराचं अस्तर असलेला पी-आकाराचा क्लॅम्प. नळीपेक्षा किंचित मोठा घ्या आणि आत जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. बोल्ट आवळताना क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना टेकले आणि तरी तो बोटाने फिरतोय, तर माप मोठं झालं. पाइप आवळायची पत्र्याची जुबली क्लिप लावू नका, तिची कड रंग खाते. आणि प्लास्टिकच्या केबल-टायवर तर अजिबात विसंबू नका. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात सायकल दोन आठवडे उभी करा, मग ती टाय वाकवून बघा.

"भोक पाडून देतो" किंवा "वेल्डिंगचा टाका मारतो" असं कोणी म्हटलं तर सायकल उचलून घरी या. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ताकद उष्णता-प्रक्रियेने आलेली असते. टाक्याच्या आसपास ती निघून जाते. कार्बनच्या फ्रेमवर किंवा सीटपोस्टवर क्लॅम्प आवळणं त्याहून वाईट. सीटपोस्टवर लटकणारं कॅरियर असतं, पण त्याची मर्यादा साधारण नऊ-दहा किलोची आणि वळणावर ते डुलतं. डबा-रेनकोटला ठीक, चादरींना नाही.

सगळं बसलं की लोक थेट रस्त्यावर जातात. थांबा. आधी चेन मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर आणा आणि पेडल फिरवा. उजवीकडचा बोल्ट आतून दोन-तीन मिलिमीटर जास्त आला तरी चेन त्याला घासते. बोल्ट उलटा, म्हणजे डोकं आतल्या बाजूला घालून बघा, नाहीतर आखूड वापरा. डावीकडे डिस्कब्रेक असेल तर कॅरियरचा पाय कॅलिपरला (डिस्क धरणाऱ्या भागाला) अडतो. तिथे पाय ठोकून वाकवू नका, मध्ये स्पेसर (अंतर ठेवणारी जाड चकती) घाला. मग पिशव्या अडकवून पेडल मारा. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. एम-५ (पाच मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला चार नंबरची ॲलन की लागते. आत नायलॉनची कडी असलेला नट घाला, नाहीतर साधा नट आपल्या रस्त्यांवर आपोआप सुटतो.

शेवटी घरातली नेलपॉलिश घ्या आणि प्रत्येक क्लॅम्पच्या कडेला नळीवर बारीक रेघ ओढा. दहा किलो ज्वारी बांधून गिरणीपर्यंत जा, पीठ घेऊन परत या. रेघ आणि क्लॅम्पमध्ये नखाएवढी जरी फट दिसली, तरी अक्कलकोट पुढच्या रविवारी.