थ्री कार्ड पोकर: गोव्याला निघण्याआधी कोल्हापुरात करायची तयारी

कोल्हापुरात तीन पत्ती न खेळलेला माणूस शोधूनच काढावा लागेल. गणपतीच्या जागरणाला, लग्नाच्या आदल्या रात्री कार्यालयाच्या गच्चीवर, कुठं ना कुठं डाव बसतोच. म्हणूनच आपली माणसं गोव्यातल्या कॅसिनोत शिरली की बाकीच्या टेबलांना बिचकतात आणि थ्री कार्ड पोकरला मात्र बिनधास्त बसतात. तीनच पत्ते, वाटतो ओळखीचा खेळ. मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. डेरेक वेब यांनी १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये हा खेळ तयार केला तो कॅसिनोसाठी. यात समोर दोस्त नसतो, कॅसिनोच्या वतीनं खेळणारा डीलर असतो, आणि तुम्ही कितीही छाती पुढं काढली तरी डीलर पॅक करत नाही, म्हणजे पत्ते टाकून देत नाही. तेव्हा तयारी घरातच करून जा.

सराव बिनपैशांचा करा. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही आहे. १९७६ मध्ये कॅसिनोसाठी वेगळा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली आहे. मोबाइलवर सराव करू म्हणून कुणी लिंक पाठवली तर ती उघडूच नका. पत्त्यांचा एक कॅट घ्या, जोकर बाजूला काढा, चिप्स म्हणून वाटीभर चिंचोके घ्या आणि घरातल्या कुणाला तरी डीलर करा.

डाव असा चालतो. पत्ते बघण्याआधी अँटी, म्हणजे सुरुवातीची रक्कम, लावायची. तुम्हाला तीन पत्ते, डीलरला तीन. तुमचे बघायचे आणि ठरवायचं: पॅक केलं तर अँटी गेली, खेळायचं तर अँटीइतकीच रक्कम ‘प्ले’च्या चौकोनात ठेवायची. मग डीलर पत्ते उघडतो. त्याच्याकडं निदान राणी हवी. राणीही नसेल तर तुम्हाला अँटीवर अँटीइतके मिळतात आणि प्लेची रक्कम जशीच्या तशी परत येते. असं दहा डावांत साधारण तीनदा होतं. राणी किंवा वरचं काही असेल तर पत्ते ताडून बघायचे: तुमचे भारी तर दोन्हींवर पैसे, त्याचे भारी तर दोन्ही गेले, बरोबरी झाली तर दोन्ही परत. चाल वाढवणं नाही, साइड शो नाही. अख्ख्या डावात तुमच्या हातात एकच निर्णय आहे, आणि तो पाठ करता येतो.

जोडी किंवा त्याच्या वरचं काही आलं तर खेळा. एक्का किंवा राजा असला तर बाकीचे पत्ते कसेही असोत, खेळा. राणी मोठी असेल तर दुसरा पत्ता बघा: सत्ती किंवा वर असेल तर खेळा. दुसरा पत्ता छक्की असेल तर तिसरा बघा: चव्वी किंवा पंजी असेल तर खेळा, तिर्री-दुर्री असेल तर पॅक. दुसरा पत्ता पंजी किंवा खाली असेल तरी पॅक. गुलाम किंवा त्याखालचा पत्ता मोठा आणि जोडी, कलर (तिन्ही पत्ते एकाच चिन्हाचे), सिक्वेन्स (ओळीचे पत्ते) काहीच नाही, मग पॅक. म्हणजे राणी-सत्ती-दुर्री हा दरिद्री दिसणारा हात खेळायचा आणि गुलाम-दश्शी-अठ्ठी हा देखणा हात सोडायचा. हीच गोष्ट तीन पत्तीतल्या माणसाला जड जाते, म्हणून चिंचोक्यांवर हात बसेपर्यंत पत्ते वाटत राहा. सरासरी तीन डावांत एकदा पॅक करावंच लागतं, तेही अंगवळणी पडेल.

राणी-छक्की-चव्वीचीच रेघ का? समजा अँटी ५०० ची आहे. पॅक केलं की ५०० नक्की गेले. हा हात घेऊन खेळलात तर कधी १००० जातात, कधी डीलरला राणी न आल्यानं ५०० मिळतात, कधी १००० मिळतात. सगळ्यांची सरासरी काढली तर तोटा ५०० च्या किंचित आत राहतो. चव्वीऐवजी तिर्री असली की तोच तोटा ५०० च्या पुढं जातो. हा हात आपण जिंकायला खेळत नाही, कमी हरायला खेळतो. ही रेघ पाळली तर, सिक्वेन्स किंवा वर आल्यावर अँटीवर मिळणारा नेहमीचा बोनस धरून, कॅसिनोचा सरासरी वाटा अँटीच्या ३.३७ टक्के असतो. ती लक्षात राहत नसेल तर राणी किंवा वरचं काहीही खेळा, वाटा ३.४५ टक्क्यांवर जातो, म्हणजे फार बिघडत नाही. पण न बघता ब्लाइंड ठोकत बसलात तर तो ७.६५ टक्के होतो. ब्लाइंडची मर्दुमकी घरच्या डावात दाखवा.

पत्त्यांची पायरीही नीट बघून घ्या. आपल्याकडं ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, सगळ्यात वर. इथं प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच चिन्हाचे ओळीचे पत्ते, ट्रेलच्या वर. कारण साधं आहे: तीन पत्त्यांच्या एकूण २२,१०० जोडण्यांपैकी ट्रेल ५२ आहेत आणि प्युअर सिक्वेन्स ४८, जे दुर्मीळ ते भारी. त्याखाली सिक्वेन्स, कलर, जोडी. एक्का-दुर्री-तिर्रीला आपल्याकडं मोठा मान, इथं ती सगळ्यात लहान सिक्वेन्स.

‘पेअर प्लस’ नावाची वेगळी बाजी त्याच टेबलावर असते. डीलरकडं काहीही असो, तुम्हाला जोडी किंवा वर आलं की तिचे पैसे. तिच्यावर पैसे ठेवण्याआधी टेबलाच्या कापडावर छापलेला तक्ता वाचा, आणि त्यात कलरची ओळ शोधा. प्युअर सिक्वेन्सला लावलेल्याच्या ४० पट, ट्रेलला ३०, सिक्वेन्सला ६, कलरला ४, जोडीला १ असा तक्ता असेल तर कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के पडतो. बाकी सगळं तेच ठेवून कलरला ४ च्या जागी ३ असतील तर तो ७.२८ टक्के होतो. एका आकड्यानं तिप्पट! पाटी वाचायला लाजू नका. चारचा तीन दिसला तर त्या चौकोनाकडं फिरकू नका.

पैशांचं घरातच ठरवा. अँटी ५०० ची असेल तर दर डावाला खिशातून १००० निघू शकतात हे धरूनच हिशेब करा. मी तीस अँटी, म्हणजे १५,००० रुपये, वेगळ्या पाकिटात ठेवायला सांगेन आणि ते परत आले नाहीत तरी घरात काही अडणार नाही, इतकेच असावेत. तासाला चाळीस डाव धरले तर नियमानं खेळूनही सरासरी सहाशे-सातशे रुपये जातात. एखाद्या रात्री याच्या कितीतरी वर किंवा खाली जाईल. ऊस बिलाचे, फीचे, भिशीचे पैसे त्या पाकिटात नकोत. बरोबरच्यांशीही निघतानाच बोलून ठेवा की टेबलावर कुणी कुणाला हातउसने देणार नाही. एटीएम कार्ड खोलीवर राहू दे.

मूळ ओळखपत्र आणि पॅन कार्ड घ्या. २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. गोव्यातल्या पाहुण्यांना बरोबर न्यायचा बेतही करू नका, २०२० पासून खुद्द गोव्याच्या लोकांना कॅसिनोत बंदी आहे. बंद बूट घाला. कापशी चप्पल कितीही भारी असली तरी दारावर अडवलं जाण्याची जोखीम नको. तिकिटात चिप्स मिळत असतील तर त्यातल्या किती रोखीत बदलून मिळतात ते आधीच विचारा. जीएसटीचंही विचारा, कॅसिनोवर तो ऑक्टोबर २०२३ पासून २८ आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे.

टेबलावर नोटा डीलरच्या हातात द्यायच्या नाहीत, कापडावर ठेवायच्या. पत्ते वाटायला सुरुवात झाली की लावलेल्या चिप्सना हात लावू नका. आपले पत्ते शेजाऱ्याला दाखवू नका, मोबाइल खिशात ठेवा, आणि पिऊन बसू नका.

आजरा-आंबोलीमार्गे जाणार असाल तर मुक्काम धरूनच निघा. पावसाळ्यात रात्री आंबोलीच्या घाटात धुक्यानं पुढचं काही दिसत नाही. मांडवीतल्या बोटीवरून उतरण्याआधी चिप्स रोखीत बदलून पावती घ्या. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. पावती तुमच्या सीएकडं द्या.