शिसवाच्या भाऊबंदांना लेथवर चढवण्याआधी

नवा ठोकळा हातात आला की तो लगेच लेथच्या चकमध्ये, म्हणजे लाकूड धरून फिरवणाऱ्या पकडीत, धरावासा वाटतो. तेवढा मोह आवरा. आपलं शिसव, मध्य अमेरिकेतलं कोकोबोलो आणि टांझानियात ज्याला म्पिंगो म्हणतात ते आफ्रिकन ब्लॅकवुड ही सगळी डाल्बर्जिया या एकाच वनस्पतिकुळीची भावंडं. यांचा गाभा भरायला दशकं जातात आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मिळत नाही.

सुरुवात बिलापासून करा. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या सगळ्या जाती सायटिस कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत; त्यांचा व्यापार कागदपत्रांनिशीच होतो. ब्राझीलचं रोझवुड तर १९९२ पासूनच पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. बिलावर नुसतं ‘रोझवुड’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. शास्त्रीय नाव आणि मूळ देश लिहून घ्या, आयातीचे कागद बघायला मागा. जो दाखवत नाही त्याच्याकडून मी लाकूड घेत नाही, कितीही सुंदर असलं तरी. परदेशातल्या नातेवाइकाला वाडगा भेट पाठवायचा असेल तर तिथले आणि इथले नियम पाठवण्याआधीच पाहा. माझा स्वतःचा ओढा जुन्या लाकडाकडे आहे. मोडलेल्या पलंगाचा खूर, वाडा उतरवताना निघालेलं शिसवी कपाट यांतून चांगला सुकलेला माल मिळतो आणि त्यासाठी नवीन झाड पडत नाही. फक्त लोहचुंबक सगळीकडून फिरवा. आत राहिलेला एक खिळा पटाशीची धार घालवतो आणि हातालाही झटका देतो.

मग ओळख पटवायची. रंगावर जाऊ नका. कोकोबोलो ताजं कापलं की नारिंगी-लाल दिसतं आणि उजेडात राहून काळपट होतं. त्यापेक्षा वजनकाटा खरं बोलतो. ५ बाय ५ बाय ३० सेंटिमीटरचा ठोकळा म्हणजे ७५० घन सेंटिमीटर. सुकलेलं शिसव असेल तर तो साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरेल, कोकोबोलो आठशेच्या आसपास, ब्लॅकवुड साडेनऊशेपर्यंत. ब्लॅकवुड पाण्यात बुडतं. लाकूड ओलं असेल तर मात्र हा हिशेब चुकतो, म्हणून वजन हा पुरावा एकटा पुरत नाही.

खरी गंमत आडव्या छेदात आहे. ठोकळ्याच्या टोकाचा कोपरा नव्या ब्लेडने गुळगुळीत कापा, पाण्याचं बोट फिरवा आणि दहापट भिंगातून बघा. शिसवाची छिद्रं नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. ब्लॅकवुडची इतकी बारीक की भिंगाशिवाय कळत नाहीत. मग ठोकळा फिरवून बाजूच्या फळीवर तिरपा उजेड पाडा. डाल्बर्जियात बहुधा पाण्यावरच्या लहरींसारख्या अगदी बारीक आडव्या रेघा दिसतात. अबनूस (एबनी, काळंभोर किमती लाकूड) म्हणून काळं रंगवलेलं लाकूडही बाजारात असतं. ते ओळखायला वरवर घासून भागत नाही, कारण अस्सल शिसवही स्पिरिटच्या बोळ्याला रंग देतं. खोल चीर द्या. आत फिकट निघालं तर रंगवलेलं आहे. महागाचा मोठा माल घ्यायचा असेल आणि शंका राहिली, तर बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे नमुना पाठवा, तिथे लाकूड ओळखून देतात.

परदेशी ठोकळे बऱ्याचदा सगळीकडून मेण लावून येतात. मेणाखाली लाकूड ओलं असू शकतं. चारी बाजूंचं मेण खरवडा, दोन्ही टोकांचं राहू द्या, आणि दर रविवारी वजन करून पेन्सिलीने तारखेसह तिथेच लिहा. वजन उतरायचं थांबेपर्यंत हात लावू नका. तडे शोधायला स्पिरिट पुसा. ते वरून उडून जातं, तड्यात मात्र काळी रेघ मागे राहते.

धुळीबद्दल मी कळकळीने सांगतो. कोकोबोलो पहिल्यांदा घासलं तेव्हा मी मास्क लावला नव्हता; दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या आणि मनगटावर पुरळ उठलं. या लाकडांचा त्रास एकदा सुरू झाला की पुढच्या वेळी थोडी धूळही पुरते. शिवाय कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत धरली आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, त्यावर फेसशील्ड, मनगटाला घट्ट बाह्या. हातमोजे लेथ फिरत असताना कधीच नाही. काम झालं की आंघोळ, आणि ते कपडे घरच्यांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

चकच्या पकडीसाठी किमती लाकूड वाया घालवू नये. मागे आंब्याच्या लाकडाचा तुकडा चिकटवा. कोकोबोलोत तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी ती जागा ॲसिटोनने पुसा आणि इपॉक्सी वापरा. पटाशीला नेहमीपेक्षा दुप्पट वेळा धार लावण्याची तयारी ठेवा. पॉलिश पेपर लावताना वेग कमी करा. ब्लॅकवुड तापलं की टोकाला केसासारखे तडे जातात. वस्तूत बाहेरचा पांढरट भाग ठेवायचा असेल तर त्याला आधी चपडीचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्या, नाहीतर लाल धूळ त्यात मुरते. फिनिशसाठीही चपडीच हाताशी ठेवा, कारण कोकोबोलोवर जवसाचं तेल दिवसेंदिवस चिकटच राहतं.

आणि एक रिकामा डबा. कापलेला प्रत्येक कोपरा नाव, देश आणि तारीख लिहून त्यात टाका. पुढचा ठोकळा येईल तेव्हा भिंगाखाली शेजारी ठेवायला तो लागेल.