चिलखत कोणत्या वेगाला फुटतं? डब्यावर करून पाहा

पुण्यात असाल तर नाना पेठेतून बेअरिंगचा जाडसर छर्रा आणा. डब्याच्या तोंडावर वर्तमानपत्राचा एकच कागद ताणून रबरबँडने घट्ट बसवा. सैल कागद झोळ घेतो आणि फसवतो. छर्रा 25 सेंटिमीटरवरून नुसता सोडा, ढकलू नका. मग उंची वाढवत न्या. 1 मीटरवर वेग दुप्पट होतो, सेकंदाला सुमारे 4.4 मीटर, ऊर्जा मात्र चौपट! वजन दुप्पट केलंत तर ऊर्जा दुप्पटच. एका उंचीला कागद कधी फाटेल, कधी तगेल. तिथेच थांबा. चिलखताच्या चाचणीतही निम्म्या गोळ्या आरपार जातात तो वेग शोधतात. दर वेळी कागद नवा घ्या. माझी वर्गातली पोरं नेमकी इथेच कंजुषी करतात.