फ्रेजल व्हर्ब वापरायचे कसे

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि 'ऑफ', 'आफ्टर' असा छोटा शब्द मिळून झालेलं इंग्रजी क्रियापद. त्यांची यादी पाठ करत बसू नका, बोलताना त्यातलं काही आठवत नाही. आपण 'देऊन टाक', 'बोलून बसला' म्हणतो ना, तिथे खरं टाकणं-बसणं नसतंच, दोन शब्द मिळून वेगळाच अर्थ होतो, इंग्रजीतही तसंच. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्दच करणं, ह्यात गल्लत झाली तर मीटिंग नंतर आहे की नाहीच हे समोरच्याला कळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जागा. 'कॉल ऑफ द मीटिंग' चालतं, 'कॉल द मीटिंग ऑफ' पण चालतं, पण मीटिंगऐवजी 'इट' आलं की ते मधेच बसवायचं, 'कॉल इट ऑफ', इथे 'कॉल ऑफ इट' चूकच. 'लुक आफ्टर' (काळजी घेणं) मात्र तुटत नाही, 'लुक आफ्टर हर' असंच म्हणायचं. पुढे क्रियापद आलं तर बहुतेक वेळा त्याला आयएनजी लावा, 'डोन्ट पुट ऑफ गोइंग टू द डॉक्टर'.

एका वेळी एकच घ्या आणि स्वतःच्या रोजच्या कामातली वाक्यं करून मोठ्याने बोला. ऑफिसच्या औपचारिक पत्रात 'पोस्टपोन', 'कॅन्सल' जास्त शोभतं, गप्पांमध्ये फ्रेजल व्हर्बच बरे वाटतात.