टायर फुटल्यावर आणि गाडीवरून पडताना: या चुका टाळा

चालत्या मोटारसायकलचा टायर फुटला म्हणजे माणूस पडलाच, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. टायर फुटल्यावरही गाडी बरंच अंतर सरळ जाऊ शकते. तिला आडवं करतो तो चालवणाऱ्याचा घाबरलेला हात किंवा पाय. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कुणी नवी गाडी दाखवायला आणली तरी माझी नजर आधी टायरवर जाते. लॉस एंजेलिस भागातल्या मोटारसायकल अपघातांवरचा हर्ट अहवाल १९८१ साली आला. गाडीत बिघाड होऊन झालेले अपघात त्यात ३ टक्क्यांहून कमी निघाले, पण त्यातल्या बहुतेकांत दुसरी गाडी नव्हतीच. पंक्चर होऊन ताबा सुटला होता. इंजिन ऑइल, चेन, आरशांचे रंग, सगळ्याला लोकांकडे वेळ असतो. हवा बघायला दोन मिनिटं नसतात.

फुटलेल्या चाकाचाच ब्रेक दाबणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही. मागचा टायर गेला की गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडे झुलायला लागतो. पुढचा गेला की हँडल जड होतं, फडफडतं, गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही वेळा शरीराला एकच सुचतं: थांबव. आणि पाय मागच्या ब्रेकवर किंवा बोटं पुढच्या ब्रेकवर जातात.

टायरची कड रिमवर बसून राहते ती आतल्या हवेच्या दाबामुळे. हवा गेली की तिला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. अशा वेळी ब्रेकने रिम अडवलं आणि खालून रस्ता टायरला ओढतोय, तर कड रिमवरून सुटते, मधल्या खोलगट भागात उतरते आणि टायर एका बाजूने बाहेर येऊ शकतो. तो अडकून चाक जाम झालं की पुढचं तुमच्या हातात राहत नाही.

आमच्यासोबत येणाऱ्या एका मुलाच्या बाबतीत हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तारांच्या चाकाची, ट्यूबवाली गाडी. सकाळी निघतानाच मागचा वॉल्व तिरका झालेला दिसला. वॉल्व तिरका म्हणजे हवा कमी आहे, टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबलाही सोबत ओढतोय; आज ना उद्या ट्यूब वॉल्वच्या मुळाशी फाटणार. मी त्याला म्हटलं, "हवा सोड, वॉल्व सरळ कर, पुन्हा भर." तो म्हणाला, "दादा, आत्ता उशीर होतोय, पुढे थांबलो की बघू." पुढे थांबायची वेळ आलीच नाही. सरळ, रिकामा रस्ता, वेग सत्तरच्या आसपास, मी त्याच्या मागे. त्याची गाडी मागून झुलायला लागली. झुलत होती, पण जात होती सरळ. मग त्याचा ब्रेकचा दिवा लागला. दिवा लागेपर्यंत गाडी तोल सांभाळून जात होती, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्याच क्षणी टायर रिमवरून उतरला, मागचं चाक बाजूला गेलं आणि तो डाव्या अंगावर पडला. नंतर ट्यूब काढून पाहिली. वॉल्वच्या मुळाशीच फाटली होती.

करायचं ते थोडंच आहे, पण तेच जमत नाही. ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, झटकन बंद करू नका. गुडघ्यांनी टाकी आवळा. हँडल घट्ट धरा पण कोपर ताठ करू नका; झुलणाऱ्या गाडीशी कुस्ती खेळलात तर ते झुलणं वाढतं. नजर लांब, जिथे जायचंय तिथे. वेग आपोआप पडू द्या. मागचा टायर गेला असेल तर गिअर पटापट खाली टाकू नका, कारण इंजिनचा ओढा म्हणजे मागच्या चाकाला लागलेला ब्रेकच. वेग बराच पडला की शाबूत चाकाचा ब्रेक अलगद लावा: मागचा फुटला तर पुढचा, पुढचा फुटला तर मागचा. रस्त्याची कड गाठायची ती वेग उतरल्यावर. सत्तरच्या वेगात कडेला घुसायची घाई करणारे तिथेच पडतात.

मी मोकळ्या जागेत अधूनमधून नुसता ॲक्सिलरेटर सोडून, ब्रेकला न शिवता गाडी थांबू देतो. बघणाऱ्याला यात काहीच दिसत नाही. पण पायाला ब्रेकपासून लांब राहायची सवय अशीच लागते, दुसरा मार्ग मला माहीत नाही.

वॉल्वचं नट रिमवर आवळून टाकणं

ट्यूबवाल्या चाकावर हे नट रिमपासून मोकळं ठेवून वर टोपणाच्या बाजूला आणा. ट्यूब सरकली तर वॉल्व मोकळेपणाने कलंडतो आणि लांबूनच दिसतो.

हात टेकून पडणं

त्या मुलाचं हेल्मेट नीट बांधलेलं होतं, जॅकेट चांगलं होतं. मोडलं ते मनगट. पडताना त्याने डावा तळहात पुढे केला आणि सगळं वजन त्यावर आलं. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाड असतं. पसरलेल्या हातावर पडलं की ते मोडतं, पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, आणि त्याचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने जुळायला फार वेळ घेतं. त्याच्याही पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नव्हतं. म्हणून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर "मुरगळलंय" म्हणून सोडून देऊ नका, पुन्हा तपासून घ्या. मनगट वाचलंच तर तो धक्का हातातून वर जाऊन गळ्याजवळचं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडू शकतो.

हात पुढे करणं उपजत आहे, त्यामुळे वाचून ते सुटत नाही. गवतावर किंवा जाड गादीवर सराव करावा लागतो. आधी गुडघ्यांवर बसून सुरुवात करा. हनुवटी छातीला लावा, कोपर दुमडून हात छातीशी घ्या, आणि एका खांद्याच्या मागच्या बाजूवरून तिरपं, पाठीवरून विरुद्ध कमरेकडे लोळण घ्या. सरळ मणक्यावरून किंवा डोक्यावरून नाही. हे अंगवळणी पडलं की उकिडवं बसून, मग उभं राहून. नवशिके एक व्हिडिओ बघून येतात आणि पहिल्याच दिवशी उभ्याने उडी मारतात. खांदा दुखावून घरी जातात, पुन्हा येत नाहीत. शांतपणे, कंटाळा येईपर्यंत गुडघ्यांवरून लोळणं हाच सराव आहे. त्याच हर्ट अहवालात आहे की धोका उभा राहिल्यापासून अपघात होईपर्यंत चालकाला साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. एवढ्या वेळात विचार होत नाही. शरीराला जे आधी शिकवलंय तेवढंच होतं.

रस्त्यावर घसरत जात असाल तर शक्यतो पाठीवर राहा, अंग सैल, हात-पाय थोडे पसरलेले, म्हणजे कोलांट्या होत नाहीत. टाचा किंवा कोपर रस्त्यात रोवून थांबायला जाऊ नका. जे रुततं त्याभोवतीच शरीर उलटतं. कोलांट्या सुरूच झाल्या तर मात्र हात-पाय आत घ्या.

आणि लगेच उठू नका. थोडं घसरल्यावर आपण थांबलो असं वाटतं आणि माणूस घसरत असतानाच उभं राहायला जातो. ती दुसरी आपट पहिलीपेक्षा वाईट असते. माझी सवय अशी: थांबलो असं वाटल्यावर जमिनीकडे बघायचं, तळहाताखाली काही सरकत नाही ना याची खात्री करायची, मनात तीनपर्यंत मोजायचं, मागून गाडी येतेय का ते पाहायचं आणि मग उठायचं.

पडत्या गाडीला धरून ठेवणं

गाडी सोडा. दीडशे किलोंच्या वर वजन असलेली वस्तू तुमच्या पायावर पडते किंवा तुम्हाला सोबत घेऊन समोरच्या अडथळ्यावर जाते. टाकीवरचा ओरखडा वाचवायला गेलेल्यांचे घोटे मोडलेले मी पाहिलेत.

गाडी मुद्दाम आडवी टाकणं

"समोर काही आलं की गाडी झोपवायची" हा सल्ला अजूनही मोठ्या रुबाबात दिला जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कोरड्या डांबरावर टायरच्या रबराला जी पकड असते ती फुटरेस्ट आणि क्रॅशगार्डच्या लोखंडाला नसते. साठच्या वेगातून दोन्ही ब्रेक नीट लावले तर चांगल्या रस्त्यावर गाडी साधारण वीस मीटरच्या आसपास थांबू शकते. आडवी पडलेली गाडी तेवढ्यात थांबत नाही, आणि पडल्यावर तुमच्याकडे ना ब्रेक उरतो ना हँडल. शेवटच्या क्षणापर्यंत सरळ राहून ब्रेक लावत राहा. धडक झालीच तरी कमी वेगाने होईल. हा सल्ला देणाऱ्यांनी बहुधा जोरात ब्रेक लावायचा सराव कधी केलेला नसतो.

याच्याच शेजारची चूक: मागचं चाक जाम होऊन गाडी बरीच तिरकी झालीय आणि घाबरून एकदम ब्रेक सोडला. चाकाला पुन्हा पकड मिळते, गाडी झटक्याने सरळ व्हायला जाते आणि तुम्हाला वरून पलीकडे फेकते. तिरकी झाल्यावर मागचा ब्रेक तसाच दाबून ठेवणं बरं. पडलात तरी बाजूला, खालच्या खाली पडाल.

बाकीच्या, थोडक्यात

टायरवर कोरलेला दाब पाहून हवा भरू नका. तो त्या टायरचा कमाल दाब असतो. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्म (मागचं चाक धरून ठेवणारा दांडा) किंवा चेनकव्हरजवळच्या पट्टीवर आणि पुस्तिकेत असतो.

हवा थंड टायरमध्ये बघा. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडली तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दुमडतो, दुमडून तापतो, आणि तापूनच फुटतो.

ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला आणि पंक्चर काढायचं किट जवळ नसेल तर खिळा उपसू नका. तोच भोक बुजवून बसलेला असतो. हळू चालवत, हवा बघत दुरुस्तीपर्यंत जा.

साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, भोक पडलं तर टायर बदला. तिथे स्ट्रिप (भोकात कोंबायची रबरी पट्टी) घालून देणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही अनुभवी असो. मधल्या भागातली स्ट्रिपसुद्धा घरी पोहोचण्यापुरती समजा. नंतर टायर उतरवून आतून पॅच लावून घ्या.

टायरचं वय बघा. डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असूनही बाजूला बारीक भेगा पडलेला टायर "अजून चालेल" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. त्यांच्या मागे मात्र बसत नाही.

नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निसरडा असतो. बसवल्या दिवशी वळणांवर झुकवू नका.

हातमोजे घाला. एवढं सगळं शिकूनही तळहात टेकतोच कधीतरी.

पडलेल्या माणसाचं हेल्मेट ओढून काढणं

लोक धावत येतात आणि आधी हेल्मेट ओढतात, पाणी पाजतात, उभं करतात. श्वास नीट चालू असेल आणि उलटी होत नसेल तर हेल्मेट राहू द्या. फक्त काच वर करा. मान हलू देऊ नका, डोकं दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरा, आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. श्वासच चालत नसेल तर काढावं लागतं, पण ते दोघांनी मिळून: एकाने खालून मान आणि जबडा आधाराने धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवून सावकाश सरळ ओढायचं. आणि ज्या हेल्मेटने आपट खाल्ली ते पुन्हा वापरू नका. आतलं थर्मोकोल एकदा दबलं की परत फुगत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही.