नव्या गाडीचा रंग: शोरूमच्या कोटिंगला हो म्हणण्याआधी

डिलिव्हरीच्या वेळी 'टेफ्लॉन कोटिंग करून घ्या' असा आग्रह झाला तर लगेच सही करू नका. बहुतेकदा ते बाटलीतलं सीलंटच (रंगावर चढवायचा संरक्षक द्रव) असतं, काही महिन्यांत धुऊन जातं. तेच काम घरी एका दुपारी होतं. सावलीत, बॉनेट गार असताना कार शाम्पूने गाडी धुवा, कोरडी करा, स्प्रे वॅक्सचा पातळ थर द्या आणि मायक्रोफायबरने पुसून घ्या. तीन-चार महिन्यांनी पुन्हा.

खरं नुकसान मात्र रोज सकाळी होतं. सोसायटीत एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात फडकं पिळून दहा गाड्या पुसल्या जातात. फडक्यातली रेती रंगावर घासते. उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४०-५० मायक्रॉनचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणून हे फार जपायला हवं. गाडी पुसणाऱ्या दादांना दोन मायक्रोफायबर स्वतः आणून द्या आणि आधी पाणी ओतून धूळ घालवायला सांगा.

कबुतराची विष्ठा दिसली तर ओला टिश्यू दोन मिनिटं ठेवून अलगद उचला, खरवडू नका.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसणारा, जास्त टिकणारा कडक थर) हवंच असेल, तर आधी पॉलिश करून देणारा चांगला डिटेलर, म्हणजे गाडीच्या सफाई-पॉलिशचा कारागीर, गाठा.